संध्याकाळी सहा ते नऊ

आमच्या स्वयंपाकघराच्या कपाटात २०२३ सालच्या कालनिर्णयची दोन पाने मी अजून जपून ठेवली आहेत, एक जुलैचे आणि एक ऑगस्टचे. दुधाचा हिशेब, इस्त्रीला दिलेले कपडे आणि सिलिंडर बदलल्याची तारीख ज्या चौकटींत लिहायची, त्याच चौकटींत निळ्या पेनाने बारीक आकडे लिहिलेले आहेत : ७०, ११०, १४५, १६०. त्या त्या दिवशी आमचे बाळ किती मिनिटे रडले, याची ती नोंद आहे. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, म्हणजे श्रावणच दोन महिन्यांचा होता, आणि आमच्या घरात त्यातला बराचसा काळ संध्याकाळी सहा ते नऊ या तीन तासांभोवतीच गेला.

गेल्या आठवड्यात खारघरला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा रात्री साडेदहा वाजता फोन आला. तिची मुलगी पाच आठवड्यांची आहे. आधी मुलीचे रडणे ऐकू आले आणि मग बहीण म्हणाली, "ताई, हिला काहीतरी होतंय आणि ते कुणालाच कळत नाहीये." ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या आमच्या घरात मी हेच वाक्य जवळजवळ याच शब्दांत बोलले होते. त्या रात्री फोनवर तिला सगळे नीट सांगता आले नाही, कारण दोन्हीकडे बोलणे कमी आणि रडणेच जास्त होते. म्हणून जे मला तेव्हा कुणी सलग सांगायला हवे होते, ते इथे लिहून ठेवते आहे.

आमचा मुलगा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्ण दिवसांचा जन्मला. वजन २ किलो ९०० ग्रॅम होते. पहिले पंधरा दिवस तो दूध पिऊन झोपे, उठे, पुन्हा पिई. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी एका संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास तो रडू लागला आणि साडेआठपर्यंत थांबला नाही. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. हे रडणे भुकेच्या रडण्यासारखे नव्हते. भुकेचे रडणे हळूहळू चढते, त्यात बाळ मध्येच थांबून तोंड इकडेतिकडे वळवून शोधते. हे रडणे एकाएकी वरच्या पट्टीत सुरू होई. मुठी घट्ट आवळलेल्या, पाय पोटाशी ओढलेले, पोट बोटांना टणक लागे, कपाळापासून मानेपर्यंत चेहरा लालबुंद होई, आणि एकेका हुंदक्यानंतर इतका वेळ श्वास रोखला जाई की आम्ही सगळे तेवढा वेळ आपलाही श्वास धरून बसत असू. छातीशी घेतले तर तो दोन घोट पिऊन तोंड सोडून मागे झुकून रडे. मग साडेआठ-नऊच्या सुमारास, आम्ही काहीही केलेले नसताना, तो मोठा उसासा टाकून झोपून जाई. सकाळी तोच मुलगा पंख्याकडे टक लावून हात हलवत पडलेला असे. रात्रीच्या त्या रडण्याची कसलीही खूण त्याच्या चेहऱ्यावर नसे, आणि तेच मला सर्वांत जास्त गोंधळात टाकत असे.

घरात उपायांची कमतरता नव्हती. चिपळूणहून आलेली माझी आई हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लावत असे आणि ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून आधी स्वतःच्या गालाला लावून पाहून मग त्याचे पोट शेकत असे. सासूबाई कळव्याहून येताना मीठमोहरी घेऊन आल्या आणि त्यांनी दृष्ट काढली. मालिशवाल्या मावशींचे म्हणणे होते की पोटात वारा धरला आहे. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मी वालाची उसळ खाल्ली का, कोबी खाल्ला का, हरभऱ्याची डाळ खाल्ली का, अशी चौकशी केली, आणि पाचव्या आठवड्यापर्यंत माझ्या ताटात भात, मुगाचे वरण आणि दुधी एवढेच उरले होते. यांतले प्रत्येक माणूस मायेने सांगत होते, त्याबद्दल माझ्या मनात आजही कृतज्ञताच आहे. पण या सगळ्या सल्ल्यांच्या तळाशी एक गृहीत होते की हे रडणे कुणाच्या तरी चुकीमुळे आहे, आणि ती चूक बहुधा आईची आहे. ते गृहीत मी निमूटपणे गिळले. माझे दूध बाधत असेल, मला नीट घेता येत नसेल, मी बाळाला लाडावून ठेवले असेल, असे विचार करत मी रात्र काढत असे.

पाचव्या आठवड्यात भर पावसात आम्ही त्याला नौपाड्यातल्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडे नेले. त्या तपासणीतल्या काही गोष्टी मला आजही लख्ख आठवतात. बाईंनी त्याचे सगळे कपडे काढायला सांगितले, लंगोट, पायमोजे, हातमोजे, सगळे. मग त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि त्याच्या पायाचे एकेक बोट वेगळे करून त्याच्या बुडाशी पाहू लागल्या. मी विचारल्यावर म्हणाल्या, "केस शोधतेय. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात. एखादा केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो आणि आवळत जातो. मोज्यात ते कुणाला दिसत नाही, बाळ मात्र रडून रडून हैराण होतं." दहाही बोटे झाल्यावर त्यांनी हातांची बोटे पाहिली, शिश्नाभोवतीही पाहिले, जांघेत हर्नियाची गाठ आहे का ते चाचपले, कान पाहिले, तोंडात पांढरे चट्टे आहेत का ते पाहिले, टाळूवर तळहात ठेवला, पोट दाबले. वजन ३ किलो ८५० ग्रॅम भरले. दिवसाला किती लंगोट ओले होतात, शी कशी होते, त्यात रक्त किंवा शेंबूड दिसतो का, उलटी कधी हिरवी झाली का, दूध पिताना तो दमतो किंवा घामाघूम होतो का, असे प्रश्न त्यांनी एकापाठोपाठ एक विचारले. आणि मग म्हणाल्या, "बाळ उत्तम आहे. याला कोलिक म्हणतात. हे तीन-चार महिन्यांचं झालं की थांबेल. तोवर तुम्हाला टिकवायचं, हे माझं काम."

त्या वेळी मला हे उत्तर अपुरे वाटले. औषध लिहून दिले असते तर बरे वाटले असते. पुढच्या दोन-तीन भेटींत त्यांनी समजावले आणि मीही वाचत गेले, तेव्हा लक्षात आले की त्या उत्तरात दोन अगदी वेगळ्या गोष्टी होत्या. पहिली म्हणजे, कोलिक हे नाव सगळ्यात शेवटी द्यायचे असते, बाळाला एकदा डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत नीट तपासून झाल्यावर. दुसरी म्हणजे, ते नाव दिल्यावर कारणाचा शोध थांबवून सगळी शक्ती ते दिवस निभावण्याकडे वळवायची असते. आम्ही याच्या नेमके उलट करत होतो. नीट तपासणी न करता रोज नवे कारण शोधत होतो आणि थकत होतो.

कोलिकची व्याख्या पहिल्यांदा आकड्यांत बांधली ती अमेरिकेतल्या मॉरिस वेसल या बालरोगतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९५४ साली. चांगले खाणारे-पिणारे, निरोगी बाळ दिवसातून तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीनहून अधिक दिवस आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ रडत असेल, तर ते कोलिक. हा तीनाचा नियम अजूनही सगळीकडे सांगितला जातो. पण २०१६ साली पोटाच्या विकारांच्या तज्ज्ञांनी जे रोम निकष सुधारले, त्यांत तासांची ही अट दवाखान्यातल्या निदानासाठी काढून टाकली गेली. आता एवढे पाहतात की त्रासाची सुरुवात आणि शेवट दोन्ही बाळ पाच महिन्यांचे होण्याआधी होतात का, रडण्याचे लांबलचक हप्ते उघड कारणावाचून पुन्हा पुन्हा येतात का आणि घरच्यांच्या प्रयत्नांनी ते थांबत नाहीत का, आणि बाळाला ताप नाही, आजार नाही, त्याची वाढ नीट आहे ना. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. एखादे बाळ अडीच तास रडले म्हणून त्याच्या आईचा थकवा खोटा ठरत नाही, आणि तीन तासांचा आकडा पूर्ण होईपर्यंत तिने डॉक्टरांकडे जाण्यासाठी वाट पाहण्याचे कारण नाही.

याच्याही मागे आणखी एक गोष्ट आहे आणि मला सर्वांत जास्त धीर तिनेच दिला. टी. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकेतल्याच बालरोगतज्ज्ञांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी ऐंशी निरोगी बाळांच्या आयांकडून रडण्याच्या रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या. जन्मानंतरच्या दुसऱ्या आठवड्यापासून रडणे वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या आसपास ते शिखरावर पोहोचते आणि मग उतरत तीन महिन्यांपर्यंत बरेच कमी होते, असे त्यांना दिसले. शिखरावर असताना ही साधी, निरोगी बाळेही दिवसाला साधारण पावणेतीन तास रडत होती, आणि त्यातले बरेचसे रडणे संध्याकाळचे होते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत हे शिखर जन्मतारखेपासून मोजून येत नाही, मूळ अपेक्षित तारखेपासून सहा आठवडे धरले की येते. म्हणजे रडण्याची ही चढण प्रत्येक बाळ चढते. काही बाळांची चढण फार उंच असते, साधारण पाचांतल्या एकाची, आणि त्यांना आपण कोलिकची बाळे म्हणतो. बाईंनी मला कालनिर्णयवर आकडे लिहायला सांगितले ते यासाठीच. "रोज लिहा, म्हणजे तुम्हाला चढण दिसेल, आणि उतार लागला की तोही दिसेल."

मग हे होते तरी का? प्रामाणिक उत्तर असे की आजवर एकही कारण पुरते सिद्ध झालेले नाही. कोलिक हा शब्द मोठ्या आतड्याच्या ग्रीक नावावरून आला, आणि त्या नावामुळेच सगळे जण पोटाकडे बोट दाखवत आले. कोलिकच्या काही बाळांच्या आतड्यांतील जिवाणू इतर बाळांपेक्षा वेगळे असतात असे आढळले आहे. कोलिक आणि घराण्यातली अर्धशिशी यांचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. गरोदरपणात तंबाखूचा धूर लागलेल्या बाळांत ते अधिक दिसते. थोड्या बाळांना गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असते, पण त्यांच्यात सहसा शीमध्ये रक्त, अंगावर पुरळ, वारंवार उलट्या अशी आणखी लक्षणेही असतात. अशा वेळी डॉक्टर आईला दोन-चार आठवडे दूध आणि दुधाचे पदार्थ सोडून पाहायला सांगतात. आपल्या मनाने सगळेच खाणे सोडण्याची गरज नसते. बाईंनी माझे ताट ऐकले आणि स्पष्ट सांगितले की उसळी, भाज्या, सगळे खा, उपाशी बाळंतीण कोणाच्याही उपयोगाची नाही. आणि ज्या गॅसला आम्ही कारण समजत होतो तो बराचसा परिणाम होता, कारण बाळ रडताना हवा गिळते, मग ते पादते, आणि आपल्याला वाटते की गॅस होता म्हणूनच ते रडत होते.

औषधांबद्दल मला जरा थांबून लिहायचे आहे, कारण इथे भलत्या मायेने नुकसान होऊ शकते. तपासणीच्या आधीच्या आठवड्यात एका औषधाच्या दुकानातून आम्हाला न विचारता, चिठ्ठी न पाहता पोटदुखीचे थेंब मिळाले होते. बाईंनी बाटली उलटी करून घटक वाचले आणि ती स्वतःच्या टेबलाच्या कप्प्यात ठेवून दिली. त्यात डायसायक्लोमिन होते. हे औषध सहा महिन्यांखालच्या बाळांना द्यायचे नसते, कारण लहान बाळांत त्याने श्वास अडखळण्याचे आणि झटके येण्याचे प्रकार नोंदले गेले आहेत. आम्ही ते दोनदा दिले होते. काही झाले नाही, पण त्या रात्री मी झोपू शकले नाही. दुकानात मिळणारे दुसरे थेंब सिमेथिकोनचे असतात, ते सहसा अपाय करत नाहीत, पण चाचण्यांत ते औषध नसलेल्या थेंबांपेक्षा सरस ठरलेले नाहीत. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या जिवाणूच्या एका विशिष्ट वाणाने अंगावर पिणाऱ्या काही बाळांचे रडणे कमी झाल्याचे पुरावे आहेत, बाटलीने पिणाऱ्या बाळांबाबत ते तितके भक्कम नाहीत, आणि ते द्यायचे की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचे. ग्राइप वॉटर आपल्याकडे घरोघरी असते. ते १८५१ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये विल्यम वुडवर्ड यांनी बाजारात आणले, आणि त्या मूळ मिश्रणात चक्क अल्कोहोल आणि साखर होती. आजच्या बाटलीत अल्कोहोल नसते, तरीही कोलिकवर त्याचा उपयोग होतो असा चांगला पुरावा नाही.

बाळगुटीचा प्रश्न घरात नाजूक होता. आईने चिपळूणहून सहाण आणली होती, आणि वेखंड, मुरडशेंग, सुंठ, जायफळ, हळकुंड, हिरडा, प्रत्येकाचे दोन-दोन वेढे देऊन तिने मला आणि माझ्या भावाला वाढवले होते. बाईंनी आईलाच समोर बसवून सांगितले, "काकू, सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीच नको, पाणीसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सहाण कितीही धुतली तरी जंतू राहतात, आणि जायफळ जास्त उगाळलं गेलं तर बाळ गुंगतं. मध तर वर्षभर चाटवायचाच नाही, त्यातल्या जंतूंनी बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात." आईला वाईट वाटले, पण तिने सहाण गुंडाळून ठेवली. शेगडीची धुरीही बंद झाली, कारण धूर बाळाच्या छातीला बाधतो. हिंग बेंबीभोवती लावणे तसेच चालू राहिले, पोटात काही जात नाही म्हणून. मला वाटते, त्याने बाळापेक्षा आईला बरे वाटत असे, आणि तेही त्या दिवसांत आम्हाला हवेच होते.

आता उपयोग कशाचा झाला ते. कुठलाही एक उपाय रोज लागू पडला नाही. सोमवारी जे चालले ते मंगळवारी चालले नाही. पण चार-पाच गोष्टी आमच्या हाताशी राहिल्या. एक म्हणजे हातावर पालथे घेणे : बाळाचे डोके माझ्या कोपराच्या खोबणीत, छाती-पोट पालथ्या हातावर, दोन्ही पाय हाताच्या दोन बाजूंना लोंबणारे, आणि दुसऱ्या तळव्याने पाठीवर अगदी मंद थापटणे. पोटाला लागलेला तो ऊबदार दाब त्याला आवडे. पालथे हे फक्त हातावर, जागेपणी. झोपवायचे ते नेहमी उताणेच. दुसरे म्हणजे दुपट्यात गुंडाळणे, पण हात-छातीशीच नीट आणि कमरेखाली सैल. आपल्याकडे आंघोळीनंतर पाय सरळ ताणून घट्ट बांधतात, त्याने खुब्याच्या सांध्याला इजा होऊ शकते, आणि बाळ कुशीवर वळायला लागले की गुंडाळणे पूर्ण बंद करायचे. तिसरे म्हणजे एकसुरी आवाज. आमच्या स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनखाली उभे राहिले की तो कित्येकदा एका मिनिटात डोळे उघडून वर पाहू लागे, आणि खिडकीवरच्या पत्र्यावर जोराचा पाऊस पडू लागला की त्याचे रडणे हमखास एक पायरी खाली उतरे. मोबाइलवरचे असले आवाज लावायचे तर फोन दूर, आवाज बारीक.

चौथी गोष्ट चालण्याची. जपानमधल्या संशोधकांनी एकवीस बाळांवर केलेला, २०२२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी त्या काळात वाचला. रडणाऱ्या बाळाला उचलून पाच मिनिटे सलग, न थांबता, न झटकता चालायचे, आणि ते झोपले तरी लगेच खाली न ठेवता पाच ते आठ मिनिटे मांडीवर धरून बसायचे, मग ठेवायचे. नुसते उचलून बसण्याने तेवढा फरक पडत नाही, चालण्याने पडतो, असे त्यांना दिसले. आमचे घर दोन खोल्यांचे आहे. स्वयंपाकघराच्या ओट्यापासून बाहेरच्या दारापर्यंत माझी सतरा पावले होतात. ती सतरा पावले मी किती वेळा मोजली असतील याचा हिशेब नाही, पण कोलिक ओसरणीला लागल्यावर हा उपाय आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा कामी आला. ऐन शिखरावर असताना मात्र त्याचाही फारसा जोर चालला नाही, हेही सांगायला हवे. उचलून घेतल्याने बाळ लाडावते, ही भीती मात्र मनातून काढून टाका. सहा आठवड्यांच्या जिवाला हट्ट कळत नाही.

पाजण्याबद्दल एकच : रडले की लगेच छातीशी, असे करत गेल्याने त्याचे पोट तुडुंब भरे आणि मग तो उलटी काढे. बाईंनी तो छातीला नीट लागतो का ते स्वतः पाहिले आणि एका बाजूचे पूर्ण संपल्यावरच दुसरी बाजू द्यायला सांगितली. ढेकर काढण्यावरून आमच्या घरी फार वाद होत. चंदीगडमधल्या एका चाचणीत ढेकर काढण्याने कोलिक कमी झाले नाही आणि बाळांची गुळणी उलट थोडी वाढली, हे वाचल्यावर पाच मिनिटे थोपटून ढेकर आली नाही तर आम्ही सोडून द्यायला शिकलो.

आता त्या संध्याकाळबद्दल, जिच्या चौकटीत १६० लिहिलेले आहे. जुलैचा शेवटचा आठवडा होता. आई बाबांच्या औषधपाण्यासाठी चार दिवस चिपळूणला गेली होती. हे ऐरोलीहून निघाले होते, पण पावसाने गाड्या रखडल्या होत्या. घरात मी आणि बाळ. दीड तास झाल्यावर माझ्या लक्षात आले की त्याच्या बगलेत धरलेली माझी बोटे हळूहळू आवळत चालली आहेत. मी त्याच्या अगदी तोंडाजवळ ओरडले, "गप्प बस." तो क्षणभर दचकला आणि दुप्पट जोराने रडू लागला. तेव्हा मी त्याला पाळण्यात उताणे ठेवले, दार ओढून घेतले, स्वयंपाकघरात जाऊन बेसिनचा नळ पूर्ण सोडला आणि त्या पाण्याखाली दोन्ही मनगटे धरून उभी राहिले. घड्याळात आठ मिनिटे गेली. परत गेले तेव्हा तो रडतच होता, पण माझे हात पुन्हा माझे झाले होते.

हे मी कित्येक महिने कुणाला सांगितले नव्हते. शेवटी बाईंना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी सगळ्यात योग्य गोष्ट केलीत. बाळाला ठेवलंत आणि बाहेर पडलात." लहान बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड असते आणि मान लुळी असते. रागाच्या भरात काही सेकंद गदागदा हलवले तरी मेंदूत रक्तस्राव होऊन बाळाची दृष्टी, बुद्धी किंवा जीवही जाऊ शकतो. अशा प्रसंगांची सुरुवात बहुतेक वेळा न थांबणाऱ्या रडण्यातूनच होते, आणि तसे करणारी माणसे बाळावर प्रेम करणारीच असतात. सुरक्षित जागी उताणे ठेवलेले बाळ दहा मिनिटे रडले तर त्याला काहीही होत नाही. हे वाक्य प्रत्येक बाळंतिणीला आणि प्रत्येक बाबाला दवाखान्यातून घरी जाताना सांगायला हवे, असे मला मनापासून वाटते.

त्या रात्रीनंतर आम्ही घरातली व्यवस्था बदलली. ह्यांनी कार्यालयात विनंती करून आठ आठवड्यांसाठी कामाची वेळ सकाळी साडेसातपासून घेतली, म्हणजे सहाच्या आत ते घरी असत. सहा ते नऊचे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे केले. ज्याची पाळी नसेल त्याने त्याच खोलीत बसून सूचना द्यायच्या नाहीत, शक्य तर घराबाहेर पडायचे. मी छत्री घेऊन तलावपाळीपर्यंत चालत जात असे. पहिले काही दिवस तलावाच्या काठावर, गाड्यांच्या आणि भेळवाल्यांच्या गलबल्यातही मला बाळाचे रडणे ऐकू येत राही. सासूबाई आठवड्यातून दोन संध्याकाळी येऊ लागल्या, आणि त्यांच्या मांडीवर तो तेवढाच रडतो हे पाहिल्यावर त्यांनी मला जवळ घेऊन म्हटले, "अगं, तुझं काही चुकत नव्हतं." त्या वाक्याने मला जे मिळाले ते कुठल्याही थेंबांनी मिळाले नसते.

बाईंनी माझीही विचारपूस केली, झोप येते का, भूक लागते का, बाळाला किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का. कोलिकच्या बाळांच्या आयांमध्ये बाळंतपणानंतरचे नैराश्य अधिक आढळते. बाळ झोपलेले असतानाही झोप लागत नसेल, दोन आठवडे मन उचलतच नसेल, तर ते कमकुवतपणाचे लक्षण समजू नका, डॉक्टरांना सांगा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, आणि तिथे मराठीतही बोलता येते.

माझ्या बहिणीसाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी आणखी एक परिच्छेद, फ्रीजवर लावून ठेवावा असा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, दूध पिणे एकदम कमी होणे, लंगोट नेहमीपेक्षा बरेच कमी ओले होणे, बाळ मलूल पडून प्रतिसाद न देणे, टाळू फुगणे, जांघेत गाठ दिसणे, पोट फुगून टणकच राहणे, श्वासाला धाप, किंवा रडण्याचा सूर नेहमीपेक्षा अगदी वेगळा, कण्हल्यासारखा होणे, यांतले काहीही दिसले तर ते कोलिक समजून घरी थांबायचे नाही, रात्रीचे दोन वाजलेले असोत. वजन न वाढणे आणि चार-पाच महिन्यांनंतर असे रडणे नव्याने सुरू होणे, यांसाठीही दाखवून घ्यायचे. आणि आईला आतून वाटत असेल की आजचे काहीतरी वेगळे आहे, तर तेवढे कारण पुरेसे आहे.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून चौकटींतले आकडे उतरू लागले. १२०, ९५, मध्येच एकदा पुन्हा १४०, मग ८०, ४०. ऑगस्टच्या अखेरीस काही चौकटींत नुसती रेघ आहे. १९ सप्टेंबरला गणपती बसले. आरतीच्या वेळी, म्हणजे बरोबर सात वाजता, तो ह्यांच्या खांद्यावर होता आणि निरांजनाच्या ज्योतीकडे पाहत होता. आई टाळ थांबवून माझ्याकडे बघत राहिली. सप्टेंबरच्या पानावर मी एकही आकडा लिहिलेला नाही.

येत्या शनिवारी मी ठाण्याहून पनवेल लोकलने खारघरला जाणार आहे. मुलीला डॉक्टरांनी तपासले आहे, बोटांसकट, आणि वजन छान वाढते आहे. बहिणीला मी सांगून ठेवले आहे की सहा वाजता मुलगी माझ्या हातात दे, तू आणि भावोजी दोघे बाहेर जाऊन जेवून या, आणि नऊच्या आत घरी फोन करू नका.